बोर्डाखालची भट्टी

आपण मेलो आहोत हे ठिणगीच्या नवऱ्याला फोनवरून कळलं.

तो ओट्यावर बसून भात्याच्या चामड्याला तेल चोळत होता. दोन्ही हात बरबटलेले, त्यामुळे फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरलेला. पलीकडे त्याची धाकटी बहीण होती, शहरात शिवणाचं दुकान चालवणारी. एरवी फोन उचलला की तिची गाडी सुसाट सुटते. त्या दिवशी ती आधी गप्प राहिली आणि मग हळूच म्हणाली, "दादा, तू आहेस ना?"

"आहे की," तो म्हणाला. "आत्तापर्यंत तरी. का गं?"

"वहिनीला दे फोन."

ठिणगीने फोन घेतला. नणंदेने सांगितलं ते असं: तिच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे जे मोकळं मैदान आहे, तिथे रातोरात एक भलामोठा बोर्ड उभा राहिलाय. बोर्डावर वहिनीचा चेहरा. घराएवढा. दोन्ही गालांवरून पाण्याचे ओघळ. आणि खाली हातभर अक्षरांत लिहिलंय, 'नवरा गेला. घर गेलं. उरले फक्त अश्रू. हिला तुमचा हात द्या.'

"कुणाचा नवरा?" ठिणगीने विचारलं.

"तुझा. म्हणजे आमचा दादा."

ठिणगीने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो तेलाची वाटी शोधत होता. वाटी त्याच्या मांडीपाशीच होती.

"हा इथे धडधाकट बसलाय," ती म्हणाली. "याला वाटी सापडेना, हा जातोय कुठे."

ठिणगी हे काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. गावाने ठेवलं, आणि गावाला नावं ठेवायला काय लागतं. बाईचा सगळा जन्म निखाऱ्यांपुढे गेलेला, त्यात जीभ फटकळ. ती कल्हई लावायची. ज्यांच्या घरी आता सगळंच स्टीलचं, त्यांना हे सांगायला हवं. तांब्या-पितळेच्या भांड्यात नुसतं शिजवलं तर अन्न कळकतं, म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यावा लागतो, तीच कल्हई. भांडं निखाऱ्यांवर तापवायचं, आत नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने झपाझप सारवायचं. काळंकुट्ट भांडं बघता बघता आतून पांढरंशुभ्र होतं.

पण नवसागर तापल्या भांड्यात पडला की जो धूर उठतो तो थेट डोळ्यांत जातो. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि ते पाणी पुसायचं नसतं. हाताला नवसागर लागलेला असतो, तोच हात डोळ्याला लावला की मग दिवसभर बोंबलत बसा. म्हणून कल्हई लावणारी माणसं डोळे पुसत नाहीत, वाहू देतात. तोंडाने भांडत असतात, थट्टा करत असतात आणि गालांवरून पाणी चाललेलं असतं. गावात याचं कुणाला काही वाटत नाही.

आता तो फोटोवाला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही त्याच्या नावाने बोटं मोडायला लागाल. खेडोपाडी फिरून माणसांचे फोटो काढायचे हा त्याचा उद्योग. मोटारसायकल, पाठीवर बोचकं, गळ्यात कॅमेरा. गावात आला तेव्हा त्याने न्हाव्याची कात्री काढली, पोस्टमनच्या चपला काढल्या. नळावर दोघी जावा भांडत होत्या, त्यांचा फोटो काढायला गेला तर त्यांनी भांडण थांबवून केस सारखे केले आणि एकमेकींच्या गळ्यात हात टाकून उभ्या राहिल्या. मग तो ठिणगीच्या ओट्यावर येऊन टेकला तो संध्याकाळपर्यंत हलला नाही. चहा प्यायला, विचारपूस केली. हे काम तिला सासूने शिकवलं. नवऱ्यालाही शिकवायला घेतलं होतं, पण त्याचा हात इतका संथ की कथील पसरायच्या आत भांडं गार व्हायचं, म्हणून त्याची रवानगी भात्यावर झाली. हे ऐकून फोटोवाला पोट धरून हसला. नवराही हसला. या गोष्टीवर तो दर वेळी हसतो.

मग तिने नवसागर टाकला, धूर उठला आणि त्याने फोटो काढला. त्याच्याही डोळ्यांना धार लागली. खोकत खोकत त्याने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तिला फोटो दाखवला.

"हा काय रे," ती म्हणाली. "मयताला आल्यासारखी दिसतेय मी. चांगला काढ की. आणि यांना पण घे."

त्याने तसाही काढला. नवरा भात्यावर, ती पुढे, हातात चकचकीत पातेलं, तोंडभर हसू. "हा झकास आलाय मावशी," तो म्हणाला. "हाच पाठवतो तुम्हाला." तो फोटो कधी आला नाही. येईल असं तिलाही फारसं वाटलं नव्हतं.

तर तो पहिला फोटो आता शहरात घराएवढा होऊन उभा होता.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. गावाने तर नेलंच. न्हाव्याने ठिणगीच्या नवऱ्याला खुर्चीत बसवून विचारलं की मेलेल्या माणसाची दाढी वाढते का. पण मधे वसतिगृहाचं काम होतं. शहरातल्या त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जुनी तांब्याची पातेली होती, एकेक इतकं मोठं की माणूस आत बसून आंघोळ करेल. नणंद तिथले ॲप्रन शिवून द्यायची, तिनेच शब्द टाकला होता. व्यवस्थापकांनी कबूल केलं होतं की पोरं सुटीवरून परतायच्या आत सगळी पातेली ठिणगीकडे, आणि पुढे दर सुटीला तीच कल्हई लावणार. खेड्यांमधून फिरून आता काही मिळत नव्हतं. स्टीलने सगळ्यांची घरं धरली होती. हे काम मिळालं तर भट्टी चालू राहणार, नाही मिळालं तर भाता विकून दोघांनी विटा वाहायला जायचं, इतकं ते सरळ होतं.

आणि बोर्ड बघून त्या वसतिगृहाकडून एक गाठोडं आलं. एसटीच्या कंडक्टरने फाट्यावर उतरवलं. आत जुने कपडे, एक घोंगडी, आणि वर व्यवस्थापकांचा तोंडी निरोप: एवढ्या दुःखात बाईंना कामाचा त्रास नको. पातेली आम्ही मोडीत काढतोय, आता स्टीलची घेऊ. त्यांनी आराम करावा.

ठिणगीने गाठोड्यातून एक सदरा काढला, उजेडात धरला. कोपरावर विरलेला होता. तिने तो परत आत कोंबला आणि इतकी घट्ट गाठ मारली की नंतर कुणाला ती सुटली नाही.

"चला," ती नवऱ्याला म्हणाली.

"कुठे?"

"तुम्हाला जिवंत करून आणू."

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उकडलेल्या बटाट्यांचा वास होता. पातेली भिंतीकडेला पालथी घातलेली, बाहेरून काजळी, कडांना हिरवट डाग. ठिणगीने जाता जाता एकावर टिचकी मारली. ठणठणीत वाजलं. असलं भांडं मोडीत घालायचं म्हणजे तिला चांगलं चालतं बोलतं माणूस खड्ड्यात लोटल्यासारखं वाटलं.

व्यवस्थापक उठून उभे राहिले. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "बसा, बाई बसा. पाणी घ्या." मग मागे पाहून, "हे कोण?"

"माझा नवरा."

व्यवस्थापकांनी जरा विचार केला. "दुसरे?"

"पहिलाच. आणि शेवटचा, असा बेत आहे."

तिने सगळं सांगितलं. धूर, डोळे, न पुसणं, फोटोवाला. व्यवस्थापकांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले की मला काय, मी तुमच्यावर विश्वास ठेवीन. पण पोरांना सोडायला आईबाप येतात ते त्याच रस्त्याने, तो बोर्ड बघत. आणि आत येऊन बघतात तर तीच बाई इथे कोळशांपुढे राबतेय, डोळ्यांतून पाणी गळतंय. लोक म्हणतील, काय माणसं आहेत, नवरा गेलेल्या बाईला जुंपलीय.

"पण नवरा हा इथे बसलाय."

"ते मला दिसतंय. लोकांना बोर्ड दिसतो." त्यांनी हात जोडले. "तो बोर्ड आहे तोवर मला जमणार नाही. आणि भंगारवाला परवा येतोय."

मग ती दोघं बोर्ड लावणाऱ्या संस्थेच्या कचेरीत गेली. तिथल्या बाई अगदी मऊ बोलायच्या, आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तसं. ठिणगीला बघून त्यांचे डोळे भरून आले, आणि तिथे तर नवसागरही नव्हता. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुमच्या चेहऱ्याने किती लोकांच्या काळजाला हात घातलाय, तुम्हाला कल्पना नाही."

"बोर्ड काढा," ठिणगी म्हणाली.

नवरा खुर्चीच्या टोकावर बसला होता. त्याला वाटलं आपणही काही बोलावं. "बाई, मी मेलेलो नाही," तो म्हणाला.

"हो, ते आलं लक्षात माझ्या," बाई म्हणाल्या. "पण असं बघा, ही गोष्ट तुमची नाहीच. ही हजारो बायकांची गोष्ट आहे."

"मग त्यांना विचारून त्यांचे चेहरे लावा," ठिणगी म्हणाली. "माझाच का?"

"तुमच्या चेहऱ्यात ते दुःख आहे."

"नवसागर आहे तो."

बाई हसल्या, समजूतदारपणे. बोर्ड महिनाअखेरपर्यंत ठरलेला होता, तो मधेच काढता येत नव्हता. पण संस्था ठिणगीसाठी नक्की काहीतरी करू शकत होती. शिवणाचं मशीन देऊ का?

"शिवण माझी नणंद करते. मी कल्हई लावते."

"हो, पण मशीन घेतलंत तर स्वतःच्या पायावर उभ्या राहाल."

ठिणगीने स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग उठून त्याच पायांनी बाहेर आली. बाहेर पायरीवर मात्र तिला खरंच रडू आलं. रागाने, अपमानाने, आणि कुणी ऐकूनच घेत नाही याच्या लाजेने. आयुष्यभर भांडून तिने एक गोष्ट मिळवली होती, की या बाईच्या हाताला तोड नाही असं चार लोक म्हणत. आता सगळं शहर तिला बिचारी म्हणत होतं. तिने तो हुंदका गिळला. तिकडे बोर्डावर ती एक होतीच रडत. दोघींनी रडायचं म्हणजे फारच झालं.

"जाऊ दे," नवरा म्हणाला. "महिनाभराचा तर प्रश्न आहे."

"भंगारवाला परवा येतोय."

"मग काय करणार आहेस?"

"काम," ठिणगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ती दोघं भाता, कोळसा, सांडशी, सगळा संसार घेऊन शहरात उतरली. कंडक्टर भात्याचं तिकीट मागत होता, ठिणगीने त्याला असं काही ऐकवलं की त्याने स्वतःच तो खाली उतरवून दिला. मैदानात फिरते विक्रेते बसायचे. बोर्डाच्या दोन लोखंडी खांबांच्या मधोमध, बरोबर आपल्या हनुवटीखाली, तिने खड्डा खणला. शेजारी कंगवे विकणारा म्हातारा होता. त्याने एकदा वर पाहिलं, एकदा खाली, आणि आपली सतरंजी मुकाट्याने थोडी सरकवून जागा करून दिली.

नणंदेने गल्ली पालथी घातली. कुणाची माळ्यावर पडलेली घागर, कुणाच्या सासूची परात, चहावाल्याचा पितळी टोप, जे मिळेल ते उचलून आणलं. "माझी वहिनी कल्हई लावतेय," ती प्रत्येक दारात सांगत होती, "आणि माझा दादा भाता मारतोय, येऊन बघा." दुसरं वाक्य ती जरा मोठ्याने म्हणायची.

निखारे फुलले. ठिणगीने पहिली घागर ठेवली, नवसागर टाकला. धूर उठला तो सरळ बोर्डावरच्या चेहऱ्याकडे गेला. खालच्या चेहऱ्यावरही पाणी आलं. कथलाची कांडी, बोळा, एक फेर, दुसरा फेर, आणि घागर पाण्यात बुडवून वर काढली तेव्हा आतून अशी लखलखत होती की चहावाला "आयला" म्हणून मोकळा झाला.

माणसं थांबायला लागली. एक गृहस्थ गर्दीतून वाट काढत पुढे आले आणि त्यांनी तिच्यापुढे नोट धरली.

"कसली?" तिने विचारलं.

त्यांनी वर बोट केलं.

"घरी पितळेचं काही असेल तर घेऊन या," ती म्हणाली. "नसेल तर उन्हात उभे राहू नका."

एका बाईने वाकून नीट निरखून विचारलं, "ही वरची तुमची बहीण का हो?"

"मीच आहे."

"मग तुमचे मिस्टर?"

"हे काय, भाता मारतायत. गेल्यापासून जरा हळू मारतात."

गर्दी खळखळून हसली. नवराही हसला. आता त्यालाही यात मजा यायला लागली होती. कुणी नवीन आलं की तो आपणहून हात वर करायचा, "मी तो गेलेला." दुपारपर्यंत मैदानात सगळ्यांना पाठ झालं की हे अश्रू कशाचे. जो तो शेजारच्याला सांगत होता. सांगताना धूर लागून त्याच्याही डोळ्यांतून पाणी यायचं.

संस्थेच्या बाई आल्या. या वेळी आवाज तितका मऊ नव्हता. "हे तुम्ही काय चालवलंय? इथे बसायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझं तोंड वर टांगताना तुम्ही मला विचारलंत?" ठिणगी घागरीवरून मान वर न करता म्हणाली. "मग खाली बसायला मी कुणाला विचारू?"

बाई बाजूला जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलायला लागल्या.

त्यांच्यामागून व्यवस्थापक आले. त्यांनी बराच वेळ लांबून पाहिलं असावं, कारण ते आले तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. ते तिच्याजवळ उकिडवे बसले आणि कुजबुजत म्हणाले, "बाई, मानलं तुम्हाला. काम पक्कं. फक्त एक करा. संध्याकाळी मागच्या दाराने या. मागच्या अंगणात भट्टी लावा, तिथे कुणाची नजर जात नाही. बोर्डाचं काय होईल ते होईल, तुमचं काम झालं म्हणजे झालं."

नवऱ्याचा भाता थांबला. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, हो म्हण. ठिणगीलाही आतून तेच ऐकू येत होतं. भंगारवाला उद्या येणार. एक हो, आणि भट्टी वाचली. कोण बघतंय मागच्या अंगणात. आणि मग तिच्या लक्षात आलं की हेच तर ते. कोण बघतंय. रडणारी पुढच्या रस्त्यावर घराएवढी, आणि कामाची मागच्या दाराने.

"नाही," ती म्हणाली.

"अहो, काम देतोय मी."

"मी चोरी करत नाही की मागच्या दाराने येऊ. तुमची पातेली पुढच्या दाराने काढा आणि इथे आणा. इथेच लावते. आईबापांना बघू दे."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच."

व्यवस्थापक उठले, पँट झटकली आणि निघून गेले.

"झालं समाधान?" नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती. ठिणगीने पुढची घागर निखाऱ्यांवर ठेवली. तिचे हात घागरीत चालत होते. आपल्या हाताने आपण चूल विझवली की काय, असं तिला वाटलं. नणंद पाणी घेऊन आली, तिने ते प्यायलं नाही. पुढचं भांडं, त्याच्या पुढचं भांडं. एक टोप काळा पडला, कथील जास्त तापलं होतं. असं तिच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. तिने तो परत घासायला घेतला आणि स्वतःला एक सणसणीत शिवी दिली.

ऊन कललं तेव्हा रस्त्याच्या टोकाला हातगाडी दिसली. दोन स्वयंपाकी ढकलत होते आणि वर ते सगळ्यात मोठं पातेलं, काठाला धरून तिसरा. मागून व्यवस्थापक येत होते, जणू त्यांना दुसरीकडेच कुठे जायचं होतं आणि वाट योगायोगाने हीच होती. गाडी गर्दीपाशी थांबली.

"कशावर उतरवायचं?" स्वयंपाक्याने विचारलं.

ठिणगीने आधी कोळसा पसरून आळं मोठं केलं. मग नवऱ्याकडे वळली. एवढं भांडं एकट्या सांडशीने हलायचं नाही, दोघांनी धरून फिरवावं लागणार होतं. म्हणजे भात्यावर कुणीतरी हवं. नणंद दुकानात गेली होती. कंगवेवाल्याचे हात थरथरत.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "मावशी."

फोटोवाला होता. संस्थेच्या बाईंनी त्यालाच फोन केला होता, मावशीची समजूत घाल म्हणून. तो वाळला होता थोडा. गळ्यात तोच कॅमेरा.

"मी नुसता फोटो दिला होता, मावशी," तो म्हणाला. "शब्द त्यांचे आहेत."

"पाणी कशाचं ते तुला ठाऊक होतं ना?"

"होतं."

"सांगितलंस त्यांना?"

"त्यांनी विचारलं नाही."

"दुसरा फोटो होता. आम्ही दोघं हसतानाचा."

"तो त्यांना नको होता."

"आणि तुला?"

त्या दिवशी तिच्या ओट्यावर बसून त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहिलं होतं, त्याची काही बायको गेली नव्हती. मान खाली घालून उभं राहिलेल्या त्याच्या नजरेला मग एकदम पातेलं दिसलं, निखारे दिसले, उतरतं ऊन दिसलं. नजर खालून वर गेली, वरून खाली आली. वर ती रडणारी, खाली ही. ठिणगीने त्याच्या चेहऱ्यावर ते उजळताना पाहिलं. भुकेल्या माणसाला ताट दिसावं तसा तो दिसत होता. त्याचा हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला.

"ते मागे टाक," ती म्हणाली.

"मावशी, एकच. हा फोटो सगळं सांगेल. त्या बोर्डाला हेच उत्तर आहे. मी शपथेवर सांगतो, या वेळी शब्दही तुमचेच."

"मला जे सांगायचंय ते मी सकाळपासून सांगतेय. मागे टाक ते, आणि भाता धर."

"पण उजेड जाईल."

"आच पण जाईल."

गर्दी त्याच्याकडे पाहत होती. त्याने कॅमेरा पाठीवर सरकवला, खाली बसला आणि भाता धरला. पहिल्यांदा त्याला जमेना, वारा भलतीकडेच जायचा. नवऱ्याने उठता उठता त्याच्या हातांवर हात ठेवून दाखवलं, असा, सावकाश, पोट भरून. मग जमलं. निखारे लाल झाले, मग पिवळे झाले.

नवरा एका बाजूला, ठिणगी दुसऱ्या बाजूला. पातेलं तापलं. तिने मूठभर नवसागर आत भिरकावला आणि धुराचा लोट उठला. व्यवस्थापक वाकून बघत होते ते डोळे चोळत मागे सरले. ठिणगीच्या गालांवरून पाणी घळघळलं, हनुवटीवरून थेंब पडले. तिने पुसले नाहीत. कांडी फिरली, बोळा फिरला. काळ्या तांब्यावर पांढरा पट्टा उमटला आणि तिच्या हातामागे धावत सुटला. माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकली. बाजूने चाललेली एक मोटार थांबली, काच खाली झाली.

फोटोवाल्याला हे सगळं समोर दिसत होतं, हाताच्या अंतरावर. दोन चेहरे, दोन्ही ओले, आणि मधे ते उजळत चाललेलं भांडं. एवढं चांगलं त्याला आयुष्यात कधी दिसलं नसेल. त्याचा एक हात भात्यावरून सुटला आणि हळूच खांद्यामागे गेला. निखाऱ्यांचा पिवळा रंग उतरला.

"हात," ठिणगी म्हणाली. तिने वर पाहिलंही नव्हतं.

त्याने हात परत भात्यावर ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याच्या, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तो भाता मारत राहिला.

शेवटचा फेर झाला. दोघांनी पातेलं उचललं, पाण्यात फिरवलं आणि गर्दीकडे तोंड करून आडवं धरलं. आत उरलंसुरलं ऊन शिरलं आणि पुढे उभ्या असलेल्यांनी डोळ्यांवर हात घेतले. वर बोर्ड तसाच होता, महिनाअखेरपर्यंत तो तसाच राहणार होता. कुणी तिकडे बघत नव्हतं.

व्यवस्थापकांनी खिशातून रुमाल काढला, डोळे टिपले आणि गाडीवाल्या स्वयंपाक्यांकडे पाहिलं. त्यांना काही म्हणायचं असावं. पण त्यांच्या आधी ठिणगीच म्हणाली, "पुढचं आणा."